छातीवर पदक आणि शत्रूची कैद: युद्धकैदी अधिकाऱ्याबद्दल पडणारे प्रश्न

ऑगस्ट २०२५ मध्ये ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर यांचं पुण्याजवळ निधन झालं. त्या दिवशीच्या बातम्यांत त्यांच्या आयुष्यातल्या दोन गोष्टी एकापाठोपाठ एक आल्या होत्या. १९६५ च्या युद्धात स्वतः जखमी असताना त्यांनी विमान तळावर परत आणलं आणि त्याबद्दल वायुसेना पदक मिळवलं. १९७१ च्या युद्धात मात्र ते पाकिस्तानच्या हाती लागले आणि जवळजवळ वर्षभर युद्धकैदी होते. परुळकर हवाई दलातले. पण भूदलातही अशी उदाहरणं आहेत, आणि परमवीर चक्राच्या यादीतसुद्धा एक नाव आहे.

हे वाचताना अनेकांच्या मनात प्रश्न येतो, फक्त तो बोलून दाखवायला संकोच वाटतो: एवढा शूर होता तर सापडला कसा? आणि सापडला, तर पदक राहिलं कसं? दोन्ही प्रश्नांना सरळ उत्तरं आहेत. त्यासाठी आधी 'युद्धकैदी' या शब्दाचा अर्थ नीट लावावा लागतो.

आगाखान पॅलेस, पुरंदर आणि युद्धकैद

आपल्याकडे 'कैदी' म्हटलं की येरवडा आठवतो. गुन्हा, खटला, शिक्षा असा तो क्रम. युद्धकैद्याच्या बाबतीत यातलं काहीच नसतं. त्याने लढाईत शत्रूचे दहा सैनिक मारले असले, तरी नियमाने लढला असेल तर त्याबद्दल त्याच्यावर खटला चालवता येत नाही. त्याला ठेवायचं ते एकाच कारणासाठी, त्याने परत जाऊन पुन्हा बंदूक उचलू नये म्हणून. क्रिकेटमध्ये बाद झालेल्या फलंदाजाने गुन्हा केलेला नसतो, तो डाव संपेपर्यंत तंबूत बसतो, तसं काहीसं. फरक इतकाच की इथे तंबू समोरच्या संघाचा असतो.

स्थानबद्धता ही तिसरी गोष्ट. १९४२ ते १९४४ गांधीजी आगाखान पॅलेसमध्ये होते ते स्थानबद्ध म्हणून. दुसऱ्या महायुद्धात पुरंदरावर ब्रिटिशांनी जर्मन नागरिक ठेवले होते, तेही स्थानबद्ध. ते सैनिक नव्हते, म्हणून युद्धकैदीही नव्हते. युद्धकैदी हा दर्जा मुख्यतः गणवेशातल्या सैनिकाला मिळतो. दर्जा मिळण्यातच सगळं आहे, कारण हक्क त्या दर्जाला चिकटलेले असतात.

हे हक्क लिहिलेत ते १२ ऑगस्ट १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारात. करार म्हणजे १४३ कलमांचं एक भलंमोठं नियमपुस्तक आहे. भारताने ते १९५० मध्ये स्वीकारलं आणि १९६० मध्ये त्यासाठी आपला कायदाही केला. पाकिस्तान आणि चीन हे दोन्ही देशही या कराराला बांधील आहेत. पुढे 'करार' म्हटलं की हाच समजायचा.

चारच गोष्टी का सांगायच्या?

पकडलेल्या सैनिकाने चार गोष्टी सांगणं बंधनकारक आहे: पूर्ण नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिक क्रमांक. बाकी प्रश्नांवर तो गप्प राहू शकतो, आणि त्याला बोलतं करण्यासाठी मारहाण, धमकी किंवा कसलीही जबरदस्ती करायला बंदी आहे. हे सतराव्या कलमात आहे.

अनेकांना वाटतं, ही चार उत्तरं म्हणजे गुपितं राखण्याची युक्ती आहे. तेही खरंच, पण त्यांचं मोठं काम वेगळं आहे. मराठा पलटणीत एका कंपनीत दोन-तीन पांडुरंग शिंदे सापडणं अगदी शक्य आहे. नावाने माणूस ठरत नाही, तो ठरतो क्रमांकाने. हुद्द्यावरून त्याला कुठल्या छावणीत ठेवायचं, किती पैसे द्यायचे, काम सांगायचं की नाही, हे ठरतं. म्हणून या चार गोष्टी लपवणं हे शौर्य नाही. मुद्दाम खोटा हुद्दा सांगितला तर हुद्द्याबरोबर येणाऱ्या सवलती कमी होऊ शकतात, असं करारातच म्हटलंय.

पकडल्यानंतरचे काही तास

सर्वांत धोक्याची वेळ हीच. हात वर केलेल्या किंवा जखमी होऊन पडलेल्या सैनिकावर गोळी झाडणं हा युद्धगुन्हा आहे. तरीही हा नियम पहिल्या काही मिनिटांत सर्वांत जास्त मोडला जातो, कारण समोरच्याचा मित्र नुकताच पडलेला असतो. विमानातून उडी मारलेला वैमानिक तर सैनिकांच्या आधी गावकऱ्यांच्या तावडीत सापडतो.

मग झडती. हत्यारं, दारूगोळा, नकाशे, लष्करी कागद काढून घेता येतात. कपडे, जेवणाची भांडी, डोक्यावरचं पोलादी टोप त्याच्याकडेच राहतं. पैसे काढून घ्यायचे तर अधिकाऱ्याच्या हुकमानेच, नोंदवहीत लिहून आणि पावती देऊन. पदकं, हुद्द्याची चिन्हं आणि घरच्यांचा फोटो, अंगठी यांसारख्या जिव्हाळ्याच्या वस्तू तर घेताच येत नाहीत. अठराव्या कलमात हे स्पष्ट लिहिलंय. चाळिसाव्या कलमानुसार छावणीत पदक लावायलाही परवानगी आहे. (लढाईत कोणी पदकं लावून जात नाही हा भाग वेगळा. पण नियम करणाऱ्यांनी हे दोनदा लिहून ठेवलं, याला अर्थ आहे.)

यानंतर त्याला गोळीबाराच्या टप्प्यातून मागे न्यायचं, जखमीवर उपचार करायचे, आधी तात्पुरत्या आणि मग कायमच्या छावणीत पाठवायचं. तो ज्या जवानाने पकडला त्याचा कैदी नसतो, त्या देशाच्या सरकारचा असतो. त्यामुळे 'आमच्या एका माथेफिरू हवालदाराने केलं' ही सबब सरकारला चालत नाही.

यादीत नाव चढेपर्यंत

आता खरा मुद्दा. शेतजमीन कसता, पीक घेता, पण सातबाऱ्यावर नाव नसेल तर कचेरीच्या दृष्टीने तुम्ही कोणीच नाही. युद्धकैद्याचंही तसंच. तो जिवंत आहे हे जगाला कळतं ते कागदावरून.

हा कागद म्हणजे एक छोटं कार्ड. छावणीत पोचल्यापासून एका आठवड्याच्या आत कैद्याला ते भरायला द्यायचं असतं. त्यावर नाव, हुद्दा, क्रमांक, जन्मतारीख, तब्येत कशी आहे आणि पत्ता एवढंच. एक कार्ड घरी जातं, एक जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीच्या शोध विभागात. याशिवाय पकडणाऱ्या देशाने आपलं माहिती कार्यालय उघडून कैद्यांच्या याद्या पाठवायच्या असतात. त्यानंतर महिन्याला किमान २ पत्रं आणि ४ कार्डं लिहिता येतात. टपालखर्च लागत नाही, तपासणी मात्र होते.

पोलिसांच्या बाबतीत आपण 'अटक दाखवली' असा शब्द वापरतो ना, तसंच हे. माणूस ताब्यात असणं वेगळं आणि दाखवला जाणं वेगळं. दाखवलेल्या कैद्याला गायब करणं अवघड असतं, कारण त्याचा हिशेब मागणारा कोणीतरी असतो. न दाखवलेल्याचं काहीही होऊ शकतं.

कार्ड वेळेवर आलं नाही तर काय होतं, याचं सर्वांत ठळक उदाहरण मेजर धनसिंग थापा यांचं. २० ऑक्टोबर १९६२ ला पहिल्या बटालियन, आठव्या गुरखा रायफल्सचे थापा लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या काठी सिरीजापच्या ठाण्यावर मूठभर जवानांसह होते. चिन्यांनी आधी तोफा डागल्या, मग लाटांमागून लाटा. शेवटी खंदकातून बाहेर येऊन हातघाईची लढाई झाली. त्या ठाण्याकडे गेलेल्या दोन होड्यांपैकी एक बुडाली, दुसरीतून नायक हुद्द्याचा एक जवान निसटला. त्याने मागे येऊन सांगितलं की ठाणं पडलं, तिथे कोणी उरलेलं नाही. त्याने पाहिलं तसं सांगितलं, त्यात त्याची चूक नव्हती. सैन्याने त्यावर विश्वास ठेवला, आणि थापांना परमवीर चक्र जाहीर झालं ते मरणोत्तर.

थापा जिवंत होते. चीनच्या कैदेत होते. मे १९६३ मध्ये ते परत आले, आणि परमवीर चक्रापुढचा 'मरणोत्तर' हा शब्द काढावा लागला. मानपत्रात आज जे शेवटचं वाक्य आहे त्याचा अर्थ असा की शत्रूने आवर घालेपर्यंत त्यांनी समोरासमोरच्या झटापटीत अनेकांना मारलं. पुढे ते लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले.

त्या युद्धात जवळपास चार हजार भारतीय सैनिक चीनच्या हाती लागले. नामका चू नदीवरच्या ७ व्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी त्यांतलेच. चीनने रेडक्रॉस समितीच्या प्रतिनिधींना त्यांच्या छावण्यांत जाऊ दिलं नाही. बाहेरचं कोणी पाहिलं नाही की याद्या चीनच्या सवडीने येतात, आणि तोवर इकडे श्राद्धं उरकलेली असतात.

पदक परत घेतात का?

नाही. पदक एका विशिष्ट दिवशी, विशिष्ट ठिकाणी केलेल्या कृतीसाठी असतं. परमवीर, महावीर आणि वीर चक्र शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्यासाठी आहेत. त्या कृतीनंतर दुपारी तो जिंकला, मेला की पकडला गेला, याने सकाळची कृती बदलत नाही. पदक रद्द करण्याचा अधिकार राष्ट्रपतींना आहे, पण पकडलं जाणं हे त्याचं कारण नाही.

उलट अनेकदा पदक आणि कैद एकाच लढाईतून येतात, आणि याला कारण आहे. मागे हटणाऱ्यांना वेळ मिळावा म्हणून कोणीतरी थांबायचं असतं. जो थांबतो त्याच्याकडचा दारूगोळा आधी संपतो, त्याच्या बाजूंना शत्रू आधी पोचतो. पदकाची शिफारस त्याचीच होते आणि सापडतोही तोच. पुढे लष्करप्रमुख झालेले पी. पी. कुमारमंगलम १९४२ मध्ये लिबियाच्या वाळवंटात तोफखान्याची बॅटरी घेऊन जर्मन-इटालियन रणगाड्यांसमोर उभे होते. त्यांना ब्रिटिशांचं डीएसओ हे मोठं पदक मिळालं आणि तिथेच ते पकडलेही गेले. मग इटलीतली छावणी, तिथून पलायन, पुन्हा पकडलं जाणं, जर्मनीतली छावणी, आणि १९६६ ते १९६९ भारताचे लष्करप्रमुख. इटलीत भारतीय कैद्यांच्या छावणीत त्यांच्याबरोबर पुढे पाकिस्तानचे लष्करप्रमुख झालेले याह्या खान हेही होते. १९६६ नंतर काही काळ भारत आणि पाकिस्तान या दोन्ही सैन्यांचे प्रमुख एकाच छावणीतले जुने कैदी होते!

मग शरण जाणं गुन्हा नाही?

इथे बारकाईने वाचायला हवं. आपल्या १९५० च्या आर्मी ॲक्टमध्ये पकडलं जाणं हा गुन्हा नाही. पण खबरदारी न घेतल्यामुळे, हुकूम मोडल्यामुळे किंवा जाणूनबुजून कर्तव्यात कसूर केल्यामुळे पकडला गेला, तर तो कलम ३५ खाली गुन्हा आहे. पकडल्यावर परत येणं शक्य असूनही आला नाही, तरीही. शिक्षा १४ वर्षांपर्यंत. ठाणं लाजिरवाण्या रीतीने शत्रूच्या हवाली करणं किंवा कैदेत असताना आपखुशीने शत्रूला मदत करणं याला तर मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे.

म्हणजे कायदा 'सापडला का' हे विचारत नाही, 'कसा सापडला' हे विचारतो. गोळ्या संपल्या, बेशुद्ध पडला, वेढ्यात वरिष्ठांनीच शस्त्रं खाली ठेवायचा हुकूम दिला, यांपैकी कशातही त्याचा दोष नाही.

हुद्दा कैदेतही सुटत नाही: पूना डिव्हिजनची गोष्ट

करारानुसार अधिकाऱ्याला सक्तीने कामाला लावता येत नाही. हवालदार वगैरेंना फक्त देखरेखीचं काम देता येतं. साध्या जवानाला काम करावं लागतं, पण धोक्याचं किंवा लष्करी स्वरूपाचं नाही. अधिकाऱ्याने फक्त आपल्याहून वरच्या हुद्द्याच्या शत्रू अधिकाऱ्याला सलाम करायचा. छावणीचा प्रमुख मात्र कनिष्ठ असला तरी त्याला करावा लागतो. अधिकाऱ्यांच्या छावणीत त्यांच्यातला सर्वांत ज्येष्ठ अधिकारी सगळ्यांच्या वतीने बोलतो. हातखर्चाची दरमहा आगाऊ रक्कमही हुद्द्याप्रमाणे ठरलेली: जवानाला ८ स्विस फ्रँक, हवालदार वगैरेंना १२, मेजरच्या खालच्या अधिकाऱ्याला ५०, मेजर ते कर्नल ६०, जनरल ७५. ही रक्कम पकडणारा देश देतो आणि युद्धानंतर दोन्ही सरकारं आपसात हिशेब करतात.

हे ऐकून राग येणं स्वाभाविक आहे. हुद्द्याचा हा फरक किती भयंकर टोकाला जाऊ शकतो, हे पुण्याचं नाव लावणाऱ्या एका सैन्याने भोगलं आहे. पहिल्या महायुद्धात मेजर जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालची ६ वी पूना डिव्हिजन आजच्या इराकमध्ये कूत-अल-अमारा इथे तुर्कांच्या वेढ्यात अडकली. त्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला. घोडे आणि खेचरं मारून खायची वेळ आली, आणि धर्माच्या अडचणीमुळे कित्येक भारतीय जवानांना तेही चालेना. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३ हजार लोक शरण आले.

टाउनशेंड हे वायव्य सरहद्दीवरच्या चित्रालच्या वेढ्यातले गाजलेले, पदकविजेते अधिकारी. कैदेची उरलेली वर्षं त्यांनी इस्तंबूलजवळच्या बेटावर एका बंगल्यात काढली. त्यांचे जवान मात्र उपाशीपोटी, फाटक्या जोड्यांनी वाळवंटातून शेकडो मैल चालवले गेले. पुढे रेल्वेच्या कामावर जुंपले गेले. ब्रिटिश शिपायांपैकी निम्म्याहून जास्त परतले नाहीत. हजारो भारतीय मेले, आणि अनेकांची साधी नोंदही राहिली नाही. तेव्हा युद्धाचे नियम होते, पण त्रोटक. कैदी हलवताना त्यांना पुरेसं अन्नपाणी आणि औषध द्यावं, सैन्य हलवतात तशाच सोयीने हलवावं, दर महिन्याला वैद्यकीय तपासणी करून वजन नोंदवावं, ही कलमं नंतरच्या करारात आली ती अशाच अनुभवांतून. वजनाची नोंद हा अगदी साधा उपाय आहे. पण कैद्यांना उपाशी ठेवणाऱ्याला वजनाचा तक्ता लपवता येत नाही.

पळून जाणं: कर्तव्य की गुन्हा?

पळून जाण्याचा प्रयत्न केल्याबद्दल युद्धकैद्यावर फौजदारी खटला भरता येत नाही. फसला तर शिस्तभंगाची शिक्षा, तीही ३० दिवसांहून जास्त नाही. आणि आपल्या सैन्यापर्यंत पोचून पुन्हा कधी पकडला गेला, तर आधीच्या पलायनाबद्दल काहीच शिक्षा नाही. पळण्यासाठी साधे कपडे घातले, खोटे कागद बनवले, पोटापुरतं चोरलं, तेही शिस्तभंगातच मोडतं. कोणाला इजा केली तर मात्र फौजदारी.

परुळकर आणि त्यांच्याबरोबर कैदेत असलेले वैमानिक ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे तिघे १३ ऑगस्ट १९७२ ला रावळपिंडीच्या छावणीतून भिंतीला भोक पाडून निसटले. पठाणी पोशाख करून बसने पेशावर गाठलं आणि अफगाण सरहद्दीच्या दिशेने निघाले. घात झाला तो एका नावामुळे. नकाशात लंडी खाना हे सरहद्दीजवळचं रेल्वे स्टेशन होतं, म्हणून त्यांनी लंडी खानाची वाट विचारली. ते स्टेशन बंद पडून चाळीस वर्षं झाली होती, आता तिकडे कोणी जात नसे. संशय आला आणि सरहद्द हाकेच्या अंतरावर असताना तिघे पकडले गेले. साध्या वेशातल्या माणसाला हेर समजून गोळी घातली जाण्याचा धोका अशा वेळी सर्वांत मोठा. आपण युद्धकैदी आहोत हे योग्य क्षणी सिद्ध करता येणं, हेच तेव्हा चिलखत. यादीत नाव असण्याचा हा आणखी एक उपयोग. १ डिसेंबर १९७२ ला ते इतर भारतीय कैद्यांबरोबर परत आले.

'शत्रू हे नियम पाळतो कुठे?'

हा आक्षेप खोटा नाही. १९९९ मध्ये कारगिलमध्ये कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या पाच साथीदारांचे छळाच्या खुणा असलेले मृतदेहच परत आले. त्याच युद्धात फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता २७ मे रोजी पकडले गेले आणि ३ जूनला रेडक्रॉसच्या हवाली झाले. शत्रू तोच आणि युद्धही तेच. मोठा फरक असा की नचिकेता ताब्यात असल्याचं उघड झालं होतं. कालियांच्या बाबतीत तसं जगासमोर आलं नाही.

नियम पाळले जातात त्यात चांगुलपणाचा वाटा थोडा आणि हिशेबाचा जास्त. आज तुझे माझ्याकडे, उद्या माझे तुझ्याकडे.

'पण त्या वेळी युद्ध जाहीरच झालं नव्हतं', असंही म्हणतात. त्याने फरक पडत नाही. दोन देशांची सैन्यं सशस्त्र भिडली की करार लागू होतो, कोणी युद्ध म्हणो न म्हणो. म्हणूनच फेब्रुवारी २०१९ मध्ये विंग कमांडर अभिनंदन यांचा रक्ताळलेल्या चेहऱ्याचा व्हिडिओ फिरवला गेला, तेव्हा तेराव्या कलमावर बोट ठेवलं गेलं: कैद्याला अपमानापासून आणि लोकांच्या कुतूहलापासून वाचवायचं असतं. गंमत अशी की त्याच व्हिडिओने ते जिवंत आणि कोणाच्या ताब्यात आहेत, हेही जगासमोर नोंदवलं. १ मार्चला ते परत आले, आणि पुढे त्यांना वीर चक्र मिळालं.

युद्ध संपल्यावर लगेच का सोडत नाहीत?

करार म्हणतो, प्रत्यक्ष लढाई थांबली की विनाविलंब सोडा. आता आपल्या बाजूचा अवघड प्रश्न. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात शरण आलेले सुमारे ९३ हजार पाकिस्तानी, ज्यांत नागरिकही होते, भारताने लगेच सोडले नाहीत. भारताचं म्हणणं असं की शरणागती भारत आणि बांगलादेश यांच्या संयुक्त सेनेपुढे झाली होती, त्यामुळे बांगलादेशाच्या संमतीशिवाय सोडता येत नाही, आणि पाकिस्तान तर त्या देशाला मान्यताच देत नव्हता. शिवाय बांगलादेशाला १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचे होते. ऑगस्ट १९७३ मध्ये दिल्लीत करार झाला आणि एप्रिल १९७४ पर्यंत सगळे परत गेले. भारताचा युक्तिवाद बिनतोड होता असं नाही. कैद्यांचा वाटाघाटीत उपयोग झाला, हे मान्य करायला हवं. पण तिथे कैद्यांच्या याद्या होत्या, पत्रं जात होती, रेडक्रॉसचे लोक छावण्यांत येत होते.

परत आल्यावर संशय का घेतात?

वाघा ओलांडून आलेल्या अधिकाऱ्याला हार घालतात आणि दुसऱ्या दिवसापासून बंद खोलीत दिवसेंदिवस प्रश्न विचारतात, हे अनेकांना कृतघ्नपणाचं वाटतं. या चौकशीची कामं तीन. पहिलं वैद्यकीय आणि मानसिक तपासणी. दुसरं, शत्रूने काय विचारलं, कारण प्रश्नांवरून त्याला काय ठाऊक नाही ते कळतं. आणि तिसरं, पकडला जाताना आणि कैदेत त्याचं वागणं कसं होतं. इथे एक कलम घरच्यांनी माहीत करून घ्यावं असं आहे. त्याच्या वागण्याची चौकशी व्हायची असेल, तर ती संपेपर्यंत पगार पूर्ण किंवा अंशतः रोखून ठेवण्याचा अधिकार आर्मी ॲक्टच्या कलम ९६ मध्ये आहे. पण त्या पगारातून अवलंबितांची सोय करण्याची तरतूदही तिथेच पुढे आहे, आणि कैदेत असतानाही ती लागू असते. ही तरतूद विचारल्याशिवाय कोणी सांगेल, यावर विसंबू नये.

नाव यादीत नसेल तर ही सगळी कलमं निरुपयोगी. १९७१ नंतर परत न आलेल्या ५४ भारतीय सैनिकांच्या घरच्यांचं हेच दुःख आहे. त्यांची माणसं पाकिस्तानी तुरुंगात असल्याचं पाकिस्तान अधिकृतपणे मान्य करत नाही. २००७ मध्ये काही नातेवाईक तिथले तुरुंग पाहूनही आले. हाती काही लागलं नाही.

घरात असा कोणी होता का?

पुणे, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांत 'पणजोबा लढाईला गेले ते आलेच नाहीत' असं सांगणारी घरं बरीच आहेत. पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं रेडक्रॉस समितीने ऑनलाइन ठेवली आहेत. कैदेत मेलेल्यांची नावं राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन) यादीत शोधता येतात. पलटणीबद्दल विचारायचं तर मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे.

अडचण नेहमी एकच येते. इंग्रज कारकुनाने नाव कसं लिहिलं असेल याचा नेम नसतो. 'धोंडिबा' चार प्रकारांनी सापडेल, आणि आडनावाच्या जागी बापाचं नाव असेल. म्हणून आधी क्रमांक शोधा. त्यासाठी ट्रंकेच्या तळाशी पहिल्या महायुद्धातलं एखादं पदक पडलंय का पाहा. मोहिमेत गेलेल्या प्रत्येकाला मिळायची तीही पदकं चालतील. जुन्या बाजारात किलोवर विकायला काढण्याआधी भिंग घेऊन त्याची कड वाचा. क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे बारीक अक्षरांत ठोकलेली असते. जिनिव्हाच्या कार्डावरचा माणूस तुमचाच का, हे त्या क्रमांकावरून ताडून पाहता येतं.